चष्मा उतरतो, डोळा तोच राहतो

बारावीचा निकाल लागला की डोळ्यांच्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास येतो. मुलाला हवाई दलात वैमानिक व्हायचे आहे, चष्मा मायनस दोनचा आहे, लेसर केले तर चालेल का? आईवडिलांना एका शब्दात उत्तर हवे असते. अडचण अशी की ‘हो’ हे उत्तर खरे आहे आणि ‘नाही’ हेही खरे आहे. लेसर झालेल्या उमेदवाराला भारतीय हवाई दलात वाट आहे. पण एनडीएतून त्याच हवाई दलात जाऊ पाहणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाने आज लेसर करून घेतले, तर एनडीएचे दार त्याला उघडत नाहीच. शिवाय पदवीनंतर जे दार उघडले असते, तेही त्याने स्वतःच्या हाताने लावून घेतलेले असते.

घरात चर्चा होते ती शस्त्रक्रियेची. कोणते मशीन, किती खर्च, कॉलेज किती दिवस बुडेल. बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये किंवा दिल्लीच्या एअर फोर्स सेंट्रल मेडिकल एस्टॅब्लिशमेंटमध्ये उमेदवार मेडिकलला उभा राहतो, तेव्हा तिथले डॉक्टर डोळा मोजतात. तो किती लांब आहे, पुढचा पडदा किती जाड उरला आहे, मागचा पडदा कुठे विरला आहे का, शस्त्रक्रिया कोणत्या वयात झाली, त्या आधी नंबर किती होता. चष्मा गेला हे त्यांना दिसतेच. त्यांना जाणून घ्यायचे असते ते पुढची वीस वर्षे हा डोळा कसा वागेल. लेसरविषयीचा जवळजवळ प्रत्येक नियम या एका काळजीतून आला आहे, आणि तसा तो वाचला की आकडे पाठ करावे लागत नाहीत.

आधी, नजर इतकी चांगली लागते तरी कशाला, ते पाहू. दोन विमाने समोरासमोर येत आहेत आणि प्रत्येकाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आहे असे धरा. दोघांमधले अंतर सेकंदाला ५०० मीटरने कमी होते. १० किलोमीटर संपायला २० सेकंद पुरतात. ६/६ नजरेच्या डोळ्याला १० किलोमीटरवर साधारण तीन मीटरची वस्तू जेमतेम वेगळी ओळखता येते, आणि समोरून पाहिले तर लढाऊ विमानाचे धड तेवढेच असते. नजर ६/१२ असेल तर तेच विमान ५ किलोमीटरवर आल्यावर कळणार, म्हणजे हातात दहा सेकंद. रडार आहे, क्षेपणास्त्रे आहेत, हे सगळे खरे. तरी शेजारच्या विमानाला धरून रचनेत उडणे, हवेत इंधन भरणे, अंधुक उजेडात धावपट्टी गाठणे ही कामे अजून डोळ्यांवरच चालतात.

मग चष्मा लावून उडायला काय हरकत आहे? प्रवासी विमानांचे वैमानिक लावतातच. डीजीसीएच्या नियमांत त्याला मुभा आहे. लढाऊ विमानात मात्र वैमानिकाच्या अंगावर गुरुत्वाच्या नऊपट जोर येऊ शकतो. ३० ग्रॅमचा चष्मा त्या क्षणी २७० ग्रॅमचा होतो आणि नाकावरून खाली ओढला जातो. वर शिरस्त्राण, खाली ऑक्सिजनचा मुखवटा, रात्री डोळ्यांपुढे नाइट व्हिजन गॉगल. घाम आला की काच धुरकटते, आणि ती पुसायला हात मोकळा नसतो. सेवेत मुरलेल्या वैमानिकाला वयानुसार चष्मा लागला तर जगभरची हवाई दले त्याला सांभाळून घेतात, कारण त्याच्या प्रशिक्षणावर आणि अनुभवावर मोठा खर्च झालेला असतो. नव्या उमेदवाराच्या बाबतीत तो हिशेब लागू होत नाही.

हवाई दलाच्या उड्डाण शाखेचा वैमानिकासाठीचा मूळ नियम असा: एका डोळ्याने ६/६, दुसऱ्याने ६/९, आणि हा दुसरा डोळा फक्त प्लस नंबराने ६/६ पर्यंत येणारा. प्रकट मायनस नंबर शून्य. प्लस दोनपर्यंत चालतो, सिलिंडर पाऊणपर्यंत. प्लसला सूट आणि मायनसला बंदी हा पक्षपात वाटेल, पण त्यामागे शरीरशास्त्र आहे. तरुण डोळ्यातले भिंग स्वतः फुगते आणि थोडा प्लस नंबर आपोआप भरून काढते. मायनस डोळ्याकडे असा उपाय नसतो. स्नायू कितीही आवळले तरी लांबचे अधिकच धूसर होते. त्यात भर रिकाम्या आकाशाची. ज्यावर नजर खिळवावी असे काहीच समोर नसले की डोळा आपसूक जवळच्या अंतरावर जुळतो आणि निरोगी वैमानिकही क्षणभर लघुदृष्टीचा होतो. आधीच मायनस असलेल्या डोळ्याला हा तोटा दुहेरी बसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मायनस नंबर वाढत जातो. सतराव्या वर्षी पाव-अर्धा असलेला नंबर बाविसाव्या वर्षी कुठे असेल, हे कोणी सांगू शकत नाही.

या मायनसवर शस्त्राने मात करण्याचा पहिला मोठा प्रयत्न जपानात झाला. त्सुतोमु सातो यांनी १९३० आणि ४० च्या दशकांत कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, छेद देऊन त्याचा बाक कमी करून पाहिला. त्यांनी आतल्या बाजूनेही छेद दिले, आणि पडदा स्वच्छ ठेवणारा पेशींचा थर त्यात दुखावला. रुग्णांना आरंभी बरे दिसले. दशके उलटल्यावर अनेकांचे कॉर्निया पांढुरके झाले. मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी १९७० च्या दशकात फक्त बाहेरून, चाकाच्या आऱ्यांसारखे छेद देण्याची पद्धत रुळवली. तीच रेडियल केराटोटॉमी, आरके. अमेरिकेत १९८० च्या दशकात तिची लाट आली.

आरके उंचीवर काय करते, हे १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर सगळ्या जगाने पाहिले. टेक्सासचे डॉक्टर बेक वेदर्स यांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. वर चढता चढता त्यांची नजर इतकी गेली की त्यांना वाटेतच थांबावे लागले, आणि पुढे आलेल्या वादळातून ते हातापायांचे मोल देऊन वाचले. कारण असे की विरळ हवेत प्राणवायू कमी पडला की छेदांभोवतीचा कॉर्निया सुजतो, मध्यभाग चपटा होतो आणि डोळ्याचा नंबर प्लसकडे सरकतो. ज्या माणसाचे कामच उंचीवर आहे, त्याला असा डोळा परवडत नाही. आपल्या हवाई दलाचा नियम याबाबत पूर्ण स्वच्छ आहे: आरके झालेला उमेदवार कोणत्याही कामाला घेतला जात नाही. वीस वर्षांच्या उमेदवारांत आरके आता सापडणार नाही. तरी लेसरविषयीच्या नियमांतला सावध सूर पुष्कळसा या जुन्या अनुभवातून आला आहे.

लेसरची गोष्ट वेगळ्या प्रयोगशाळेत सुरू झाली. मद्रासमध्ये जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन हे न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात काम करत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या जेवणात उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर त्यांनी १९३ नॅनोमीटरचे अतिनील एक्सायमर लेसर सोडून पाहिले. सॅम्युएल ब्लम आणि जेम्स विन हे त्यांचे सहकारी. मांस जळाले नाही, काळेही पडले नाही. रेखीव खाच तेवढी उमटली. ‘लेसर म्हणजे डाग देणे’ ही समजूत अजून पुष्कळांच्या मनात असते, तिचे उत्तर इथे आहे. या किरणांची ऊर्जा रेणूंमधले बंध थेट तोडते, त्यामुळे शेजारच्या ऊतीला आच लागत नाही. नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी १९८३ मध्ये श्रीनिवासन यांच्यासोबत हे कॉर्नियावर लागू करून दाखवले. १९८० च्या दशकाअखेर मार्गरीट मॅकडॉनल्ड यांनी पाहणाऱ्या मानवी डोळ्यावर पीआरके केली. पाठोपाठ क्रीट बेटावर इओआनिस पालिकारिस यांनी लॅसिक साकारले.

या दोन नावांतला फरक उमेदवाराने नीट समजून घ्यावा. पीआरकेमध्ये कॉर्नियावरची नाजूक साल खरवडून काढतात आणि खालच्या पृष्ठभागावर लेसर चालवतात. साल पुन्हा येईपर्यंत तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो आणि नजर स्थिरावायला आठवडे लागतात. क्वचित हलका धुरकटपणा राहतो. लॅसिकमध्ये आधी सुमारे शंभर-सव्वाशे मायक्रॉन जाडीचा फ्लॅप कापून बिजागरीवरच्या झाकणासारखा उलटतात, खाली लेसर चालवतात आणि फ्लॅप परत बसवतात. दुसऱ्या दिवशी माणूस कामावर जातो. सोय लॅसिकची, पण त्या फ्लॅपच्या कडा तेवढ्या नीट धरतात, आतला सांधा कधीच पूर्वीइतका घट्ट होत नाही. जबर मार लागून वर्षांनंतर फ्लॅप सरकल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत.

सैन्याला नेमकी हीच भीती होती. अमेरिकी नौदलातले स्टीव्हन शालहॉर्न हे आधी एफ-१४ चे वैमानिक आणि नंतर नेत्रतज्ज्ञ. सॅन डिएगोच्या नौदल रुग्णालयात त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पीआरकेच्या चाचण्या हाती घेतल्या. त्या काळी डोळ्यावर अशी कोणतीही शस्त्रक्रिया झालेला माणूस सैन्याला नको होता. शालहॉर्न यांचे वेगळेपण हे की ‘६/६ दिसते का’ एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. त्यांना अंधारात, झगझगाटात, कमी उठावाच्या प्रतिमांत काय दिसते हे मोजायचे होते. पीआरके या कसोट्यांना उतरली आणि २००० च्या आसपास वैमानिकांसाठी तिची वाट मोकळी होऊ लागली.

लॅसिकला आणखी काही वर्षे लागली. विमानातून आसनासकट बाहेर फेकले जाताना फ्लॅप उडून गेला तर? याचे उत्तर माणसावर प्रयोग करून मिळवणे शक्य नव्हते. संशोधकांनी सशांच्या डोळ्यांवर फ्लॅप कापले, आणि त्या सशांना आसन-उत्क्षेपणाच्या वेळी बसतो तसा झटका दिला. दुसऱ्या एका गटाने अशाच सशांना अतिवेगवान वाऱ्याच्या झोतापुढे धरले. फ्लॅप जागचे हलले नाहीत. दरम्यान लॅसिक झालेले गिर्यारोहक एव्हरेस्टवर जाऊन आले होते. अगदी वरच्या टप्प्यात काहींची नजर थोडी धूसर झाली, वेदर्स यांच्यासारखे संकट कोणावर आले नाही. मे २००७ मध्ये अमेरिकी हवाई दलाने लॅसिक झालेल्यांवरची उंचीची आणि अतिवेगवान विमानांची बंधने उठवली, आणि त्याच वर्षी नासानेही अंतराळवीरांसाठी लॅसिक व पीआरके मान्य केले. २००८ मध्ये पीआरके झालेले रिचर्ड गॅरियट सोयुझमधून अंतराळ स्थानकावर गेले आणि त्यांची नजर तिथेही स्थिर राहिल्याची नोंद प्रसिद्ध झाली.

तिसरी पद्धत स्माइल. तिच्यात फ्लॅप नाहीच. फेम्टोसेकंद लेसरने कॉर्नियाच्या आतच एक पातळ चकती कोरतात आणि दोन ते चार मिलिमीटरच्या फटीतून ती ओढून काढतात. लॅसिकचा छेद परिघावर वीस मिलिमीटरच्या घरात जातो, हे लक्षात घेतले की फरक कळतो. या तंत्राच्या सुरुवातीच्या काळातल्या नोंदींत वडोदऱ्याच्या रूपल शहा यांचे काम आहे. म्हणजे या बाबतीत भारत मागाहून शिकणारा देश नव्हता.

आता आपले नियम. हवाई दल पीआरके, लॅसिक आणि स्माइल तिन्ही विचारात घेते, त्यासाठीच्या अटी अशा: शस्त्रक्रिया वयाच्या २० वर्षांआधी झालेली नसावी. ती होऊन किमान १२ महिने लोटलेले असावेत आणि मधल्या काळात गुंतागुंत नसावी. शस्त्रक्रियेआधीचा नंबर सहाच्या पुढे नसावा. डोळ्याची लांबी २५.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. कॉर्नियाची उरलेली जाडी ४५० मायक्रॉनच्या खाली नसावी. आणि जो काही नंबर मागे राहिला असेल, तो ज्या शाखेसाठी अर्ज केला तिच्या मर्यादेत बसावा. वैमानिकाच्या बाबतीत म्हणजे मायनस काहीही नको. सेना आणि नौदल यांचे आकडे थोडे वेगळे आहेत आणि जाहिरातींतला मजकूर अधूनमधून बदलतो, तेव्हा ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीची जाहिरात हातात धरून वाचावी.

यातली लांबीची अट सर्वांत कमी लोकांना ठाऊक असते आणि सर्वांत जास्त दुखावून जाते. निरोगी प्रौढ डोळा पुढून मागे साधारण २३ ते २४ मिलिमीटर असतो. मायनस नंबर बहुतेक वेळा डोळा लांबट झाल्याने येतो. एक मिलिमीटर लांबी वाढली की अडीच-तीन नंबर वाढतो. लेसर या लांबीला हात लावत नाही. ते फक्त पुढचा पडदा थोडा चपटा करते, म्हणजे प्रतिमा मागे सरकून रेटिनावर, आतल्या पडद्यावर, पडते. रेटिना मात्र लांबट डोळ्यावर ताणलेलीच राहते. तिच्या कडेला विरळ पट्टे आणि भोके पडण्याचा, ती सुटून येण्याचा धोका लेसरआधी जेवढा होता तेवढाच नंतरही असतो. चष्मा नसल्याने माणूस ते विसरतो. मेडिकल बोर्ड विसरत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून रेटिनाची कड तपासणे आणि आयओएल मास्टर यंत्रावर लांबी मोजणे हे त्यासाठीच. उमेदवार समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचतो, आणि २५.८ या आकड्यावर बाद होतो. त्याला हा अन्याय वाटतो. माझ्या मते सगळ्या नियमांतला हा सर्वांत सयुक्तिक नियम आहे, कारण डोळ्यात जे बदलता येत नाही तेच तो मोजतो.

जाडीच्या अटीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सहा मिलिमीटर व्यासाच्या भागावर लेसर चालवले तर ढोबळ सूत्राप्रमाणे एका नंबरामागे १२ मायक्रॉन ऊती जाते. प्रत्यक्षात बरीच यंत्रे १५ च्या आसपास घेतात. पाठ्यपुस्तकातला कॉर्निया ५४० मायक्रॉनचा असतो. त्यातून सहाचा नंबर काढायला ७२ ते ९० मायक्रॉन गेले, म्हणजे कसाबसा ४५० ला टेकला. पण नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’त तिशीपुढच्या माणसांच्या कॉर्नियाची सरासरी ५१४ मायक्रॉन भरली. ५१४ मधून ४५० वजा केले तर खर्चायला उरतात ६४ मायक्रॉन. एका नंबरामागे १५ धरले तर सव्वाचारच्या आसपासच थांबावे लागते. म्हणजे कागदावर सहापर्यंत मुभा असली तरी आपल्याकडच्या पुष्कळ डोळ्यांना जाडीची अट आधीच अडवणार. ‘नंबर सहाच्या आत आहे ना, मग काळजी नाही’ असा धीर जेव्हा कोणी देते, तेव्हा त्याने कॉर्नियाची जाडी मोजलेली आहे का, हे विचारावे.

इथे नियमाविषयीही एक म्हणणे मांडतो. ४५० हा आकडा तिन्ही पद्धतींना सारखाच लावलेला आहे. लॅसिक झालेल्या डोळ्यातला फ्लॅप या मोजणीत धरला जातो, पण तो भार पेलत नाही. खरी ताकद त्याच्या खालच्या थरात असते. पीआरके झालेल्या डोळ्यात ४५० च्या ४५० कामाला असतात. कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगत जाणे, ज्याला एक्टेशिया म्हणतात, त्याच्या दृष्टीने हे दोन डोळे एकसारखे नाहीत. टिओ झायलर यांनी लॅसिकनंतरच्या अशा फुगवट्याचे वर्णन १९९८ मध्येच करून ठेवले आहे. ॲलर्जीमुळे डोळे चोळण्याची सवय आपल्याकडे मुलांत सर्रास दिसते आणि त्यातून कॉर्नियाला आधीच कोन येऊ लागलेला असू शकतो. म्हणून लेसरआधीची टोपोग्राफी, कॉर्नियाच्या चढउताराचा तो रंगीत नकाशा, ही टाळण्याजोगी तपासणी कधीच नाही. पद्धतीनुसार जाडीचा आकडा वेगळा ठेवणे हवाई दलाला अवघड नसावे.

वयाचे गणित तर सगळ्यांत साधे, आणि तेच सगळ्यांत जास्त चुकते. एनडीएत प्रवेश साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांत मिळतो. लेसर विसाव्या वर्षाआधी चालत नाही. या दोन ओळी शेजारी ठेवल्या की लेसर करून एनडीएतून वैमानिक होण्याची शक्यता संपते. त्यासाठी कोणाचा सल्ला घ्यायची गरज उरत नाही. पदवीनंतर एएफकॅट किंवा सीडीएस या परीक्षांमधून उड्डाण शाखेत जायचे तर कोर्स सुरू होताना वय २० ते २४ हवे. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना असेल तर २६ पर्यंत. विसावे लागताच शस्त्रक्रिया केली तरी एकविसावे पूर्ण झाल्यावर मेडिकलला उभे राहता येते. म्हणजे हातात तीन वर्षे. त्यातही लेखी परीक्षा, पाच दिवसांचे निवड मंडळ आणि सीपीएसएस ही वैमानिक-क्षमतेची संगणकीय चाचणी, जी आयुष्यात एकदाच देता येते.

आणि ज्याने अठराव्या वर्षीच करून घेतले? तो म्हणेल, आता मी बावीस वर्षांचा आहे, नंबर चार वर्षे जागचा हललेला नाही. खरेही असेल. पण अट शस्त्रक्रियेच्या वेळच्या वयाची आहे आणि ती तारीख कोणाला बदलता येत नाही. मला या साऱ्या विषयात सर्वांत जास्त हळहळ याचीच वाटते. त्या मुलाचा डोळा कदाचित उत्तम असतो. त्याला दोन वर्षे थांब असे कोणी सांगितले नाही, एवढेच. दवाखान्यात त्याला विचारले जाते की चष्म्याचा कंटाळा आलाय का. पुढे काय करायचे आहे हे विचारले जात नाही. अकॅडमीत त्याला गणित आणि इंग्रजी घोटून देतात, डोळ्याचा विषय मेडिकलच्या आदल्या महिन्यात निघतो.

थांबण्यामागे कारण आहे. मायनस नंबर बहुतेकांचा विशीपर्यंत सरकत राहतो. सरकत्या नंबरावर लेसर मारले की दोन वर्षांनी अर्धा-पाऊण नंबर परत येतो आणि वैमानिकासाठी तेवढाही जास्त आहे. पुन्हा लेसर मारायचे तर जाडी आणखी घटते. बारा महिन्यांची अट याच कारणासाठी. लेसरने कॉर्नियातल्या बारीक नसा तुटतात, त्यामुळे अश्रू कमी होतात आणि डोळा कोरडा पडतो. घरात हे थेंब घालून निभते, पण कॉकपिटमधल्या कोरड्या हवेत आणि मुखवट्याच्या कडेतून डोळ्यांवर येणाऱ्या झोतात निभत नाही. बहुतेकांच्या नसा वर्षभरात बऱ्याच भरून येतात. रात्रीचा प्रश्न त्याहून बारीक. अंधारात तरुण बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. लेसर चाललेला भाग सहा-साडेसहा मिलिमीटरचा असेल तर त्याच्या कडेवरून येणारा प्रकाश विखुरतो आणि धावपट्टीच्या प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसते. दिवसा तक्ता वाचताना याचा मागमूसही नसतो. ज्यांच्या बाहुल्या फार मोठ्या उघडतात त्यांनी हे शस्त्रक्रियेआधीच मोजून घ्यावे.

काही गोष्टींवर लेसरचा इलाजच नाही, तरी लोक त्या आशेने येतात. रंगांधत्व जन्मजात असते. उड्डाण शाखेला रंगदृष्टीची सर्वांत वरची श्रेणी लागते आणि तिथे सूट नसते. तिरळेपणा, दोन्ही डोळे मिळून खोली जाणवण्यातली उणीव, लहानपणापासून आळशी राहिलेला डोळा, हेही लेसरने सुटत नाहीत. मोतीबिंदू काढलेला उमेदवार आत भिंग बसवलेले असो वा नसो, अपात्र ठरतो.

शस्त्रक्रिया लपवण्याचा सल्लाही कानावर येतो, तेव्हा त्याबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. खोलीत अंधार करून डॉक्टर स्लिट लॅम्पची प्रकाशाची पातळ फीत तिरकी करून डोळ्यावर टाकतात. लॅसिक झालेल्या डोळ्यात बुबुळाच्या कडेलगत एक फिकट राखाडी कमान उजळते. वीस वर्षांनीसुद्धा ती दिसते. स्माइलची खूण बारीक असते, पण टोपोग्राफीच्या नकाशात मध्यभाग चपटा आणि कड चढी असा उलटा चेहरा उमटतो, जो निसर्गतः कोणाच्या डोळ्यात नसतो. जाडी मोजली की उरलेसुरले कळते. नियमात बसणाऱ्या डोळ्याचा उमेदवार खोटे बोलून जाणे यापेक्षा वाईट काय असेल? त्याऐवजी सोबत कागद न्यावेत: शस्त्रक्रियेआधीचा नंबर, तेव्हाची टोपोग्राफी आणि जाडी, कोणती पद्धत, तारीख, डिस्चार्ज कार्ड, नंतरच्या तपासण्या. सहाच्या आतला नंबर सिद्ध करायला दुसरा पुरावा नसतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी हे कागद मागितले तर मिळतात. तीन वर्षांनी फाईल सापडत नाही.

आपले नियम फार कडक आहेत का? अमेरिकी संरक्षण खात्याच्या सर्वसाधारण भरतीत शस्त्रक्रियेआधीचा नंबर आठपर्यंत चालतो आणि १८० दिवसांची वाट पुरते. तुलना करताना एक भेद विसरला जातो. तिथे नेव्हल अकॅडमीतल्या विद्यार्थ्यांची शस्त्रक्रिया नौदलाचे स्वतःचे डॉक्टर करतात, ठरलेल्या यंत्रावर, आणि त्या डोळ्यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवतात. इथला उमेदवार कुठल्याही शहरातून, कुठल्याही यंत्राखालून आणि कुठलेही कागद घेऊन येतो. ज्या डोळ्याचा इतिहास आपल्या हातात नाही, त्याच्याबाबत बोर्डाने हात आखडता घेतला तर त्याला दोष देता येत नाही. उपाय मात्र दिसतो. सशस्त्र दलांकडे उत्तम नेत्रतज्ज्ञ आणि मोठी रुग्णालये आहेत. पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या निवडक उमेदवारांची शस्त्रक्रिया स्वतःच्या देखरेखीखाली करून त्यांचा पाठपुरावा ठेवला, तर काही वर्षांत भारतीय डोळ्यांचे स्वतःचे आकडे हाती येतील आणि आपले नियम आपल्या पुराव्यावर उभे राहतील. शहरांतल्या मुलांमध्ये मायनस नंबर वाढत चालला आहे. उड्डाण शाखेला आज ना उद्या या प्रश्नाकडे वळावे लागणारच.

एनडीएसाठी मात्र लेसरची चर्चाच गैरलागू आहे. तिथे नंबर येऊच न देणे, आलाच तर उशिरा येऊ देणे, एवढाच मार्ग. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था दहावीनंतर मुले निवडते, नाशिकला मुलींसाठी तशीच संस्था सुरू झाली आहे. म्हणजे डोळ्याकडे पाहायचे ते सातवी-आठवीत. रोज दोन तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात घालवलेल्या मुलांत मायनस कमी प्रमाणात सुरू होतो, हे पूर्व आशिया आणि ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांतून दिसले आहे. मैदानावरचा वेळ कापून तो शिकवणीला देणारे पालक त्या मुलाच्या एनडीएवरच घाला घालत असतात.

ज्याला नंबर आला आहे आणि पदवीनंतरच्या वाटेने जायचे आहे, त्याने लेसरची तारीख घेण्याआधी एक सकाळ तपासणीसाठी द्यावी. डोळ्याची लांबी, कॉर्नियाची जाडी, टोपोग्राफी, अंधारातली बाहुली, थेंब घालून रेटिनाची कड आणि रंगदृष्टी. लांबी २५.५ च्या पुढे निघाली किंवा रंगांची चाचणी चुकली, तर उड्डाण शाखेसाठी लेसर करण्यात अर्थ नाही. चष्मा नकोसा झाला म्हणून करायचे असेल तर तो वेगळा निर्णय, त्याला घाई नाही. सगळे आकडे मर्यादेत असतील तर विसावा वाढदिवस उलटू द्यावा, वर्षभराच्या अंतराने घेतलेले दोन नंबर सारखे येतात का ते पाहावे, आणि मग डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे की हा डोळा हवाई दलाच्या मेडिकलला जाणार आहे. किती ऊती काढायची आणि कोणती पद्धत निवडायची, हे त्या एका वाक्याने बदलू शकते.